उर्फचा रकाना

कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये तेरा वर्षं काढलेल्या मच्छिंद्र बनसोडेनं कुणालाही "सापडत नाही" म्हणून परत पाठवलं नव्हतं. याचा त्याला भारी अभिमान. पगार बेताचा, खुर्ची मोडकी, खिडकीतून बॉयलरची काजळी टेबलावर. अभिमान धरावा असं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतंही. आणि शेवटी एका बाईच्या बाबतीत, जिच्या बाबतीत होऊ नये तिच्याच बाबतीत, "सापडत नाही" हे शब्द त्याच्या नावावर लागले ते कायमचेच.

गडी मूळचा बेंबळीचा. बाप कोंडिबा, छप्पन्न साली दीक्षा घेतलेला. तोवर शाळेच्या हजेरीत पोराचं नाव 'मच्छिंद्र कोंडिबा महार' असं होतं. मास्तर हजेरी घेताना पहिले दोन शब्द तोंडातल्या तोंडात गिळायचे आणि तिसरा शब्द मात्र पार विहिरीवरच्या बायांना ऐकू जाईल असा म्हणायचे. दीक्षेनंतर कोंडिबा स्वच्छ धोतर नेसून शाळेत गेला, उभ्या उभ्या हेडमास्तरांकडून 'बनसोडे' लिहून घेतलं आणि घरी येऊन पोराला समोर बसवलं.

"दुसऱ्यानं काय लिवावं ते आपल्या हाती न्हाय," तो म्हणाला. "पर आपल्या हातानं त्यो शबुद पुन्यांदा लिवायचा न्हाय. मेलो तरी न्हाय."

अकरा वर्षांच्या मच्छिंद्रनं मान हलवली. पुढं आयुष्यात त्यानं बऱ्याच गोष्टींना मान हलवली आणि विसरला. ही एक मात्र विसरला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तो मॅट्रिक होऊन घरी बसलेला होता. तलावाचं काम निघालं, खडी फोडायला चाळीस गावांची माणसं आली आणि वाचता येणारा म्हणून त्याच्या हातात हजेरीचं मस्टर आलं. पहिल्याच दिवशी मजुरांना सुकडीचा कोरडा खाऊ वाटताना त्यानं "विठाबाई" असा पुकारा केला, तर दगडांच्या ढिगाऱ्यांमागून नऊ बाया उठल्या. एकीनं दुसरीची सुकडी नेली, दुसरीनं तिसरीच्या झिंज्या धरल्या. मच्छिंद्र मस्टर छातीशी धरून नुसता उभा.

तेव्हा टोळीतली एक बाई हातोडा खाली ठेवून पुढं आली. काळीसावळी, ठेंगणी, आवाज खणखणीत. दगडाबाई तिचं नाव. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापानं ठेवलेलं, आणि ती नावाला जागून जगलीही.

"आरं बाबा, बाई नुसत्या नावानं घावत न्हाय," ती म्हणाली. "आदी गाव म्हन. मग घर म्हन. मग नाव म्हन. बग कशी एकच उठती ती."

त्यानं तसं केलं. "बेंबळी, गोरोबाचं घर, विठाबाई." एकच बाई उठली. मच्छिंद्रला त्या दिवशी जे कळलं ते त्याच्या मास्तरांना जन्मात कळलं नव्हतं. नाव कसं घ्यायचं, हे त्याला खडी फोडणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बाईनं शिकवलं. तेव्हापासून तो तिला काकू म्हणायला लागला. ती दुपारी आपल्या भाकरीतली चतकोर त्याच्या हातावर ठेवायची.

दुष्काळ सरला आणि पुढाऱ्यांना सहकाराची स्वप्नं पडू लागली. दगडाबाईच्या वाडीलगतच्या माळावर साखर कारखाना ठरला. एकतीस घरांनी जमिनी दिल्या. त्यात दगडाबाईच्या नवऱ्याचा सव्वा एकर होता. सगळ्यांत लहान तुकडा, पण नेमका गेटच्या जागेचा. करारात लिहिलं होतं, कारखाना वाढेल तेव्हा जमीन देणाऱ्या प्रत्येक घरातल्या एकाला कायमची नोकरी. जमिनीच्या कागदावर मालकाचं नाव निजामाच्या काळापासून चालत आलेलं होतं, तेच करारात उतरलं: 'म्हादू रामा महार'. दीक्षा घेऊन, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर 'महादेव रामचंद्र गायकवाड' होऊन सतरा वर्षं झाली तरी कागदाला त्याची खबर नव्हती. म्हादूनं अंगठा दिला आणि दोन वर्षांनी तापानं गेला.

पंच्याहत्तर साली मच्छिंद्र त्या कारखान्यात कारकून म्हणून लागला आणि त्याला कुणालाच नको असलेली रेकॉर्ड रूम मिळाली. नऊ हजार सभासदांच्या फायली, जशा आल्या तशा रचलेल्या. शेतकी खात्याला एखाद्या सभासदाचा कागद हवा असला की तीन शिपाई अर्धा दिवस धूळ खायचे आणि शेवटी भलत्याच माणसाची फाईल घेऊन जायचे. ऊस एकाचा, तोडणी दुसऱ्याच्या शेतात, असंही दोनदा झालं.

मच्छिंद्रनं काकूचा धडा लाकडी खणांत बसवला. प्रत्येक गावाचा एक खण. खणात घरागणिक, भावकीगणिक कप्पे. कप्प्यात माणसागणिक एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एवढंच, की याची फाईल अमुक कपाटात, तमुक फळीवर, इतक्या नंबरची. बस्स. खातेवाल्यांनी फक्त नाव लिहून धाडायचं. फाईल कुठं आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पावसाळ्यात एक कपाट गळायला लागलं तेव्हा त्यानं आठशे फायली दुसऱ्या भिंतीला हलवल्या आणि आठशे चिठ्ठ्यांवरचा नंबर बदलला. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. तो म्हणायचा, "नाव मानसाचं, जागा कागदाची. कागदानं जागा बदलली तर मानसानं का हेलपाटा घालावा?"

आणि मग 'उर्फ'. आपल्याकडं एका माणसाला एक नाव पुरतं कुठं? कागदावर बब्रुवान, गावात तात्या. सातबारावर आजोबाच्या नावानं, बँकेत मामाच्या. बाई तर माहेरी एक आणि सासरी दुसरी. मच्छिंद्रनं अशा प्रत्येक दुसऱ्या नावाची वेगळी चिठ्ठी केली होती. तीवर फाईलचा नंबर नसायचा. 'उर्फ' असं लिहून खऱ्या चिठ्ठीकडं धाडलेलं असायचं. आणि ज्याचा कागद त्याच्याकडं नसेलच, त्याच्या चिठ्ठीवर 'तलाठ्याला विचारा' किंवा 'सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आहे'. म्हणजे नाही म्हणायचंच नाही. आपल्याकडं नसलं तर कुणाकडं जायचं ते तरी सांगायचं. परांड्याकडच्या सोनारीहून आलेला म्हातारा असो की लोहाऱ्याकडच्या सास्तूरचा मोठा बागाईतदार, मच्छिंद्र दोघांनाही तेवढ्याच वेळात फाईल काढून देई.

साहेब लोकांना याचं कौतुक होतं असं समजू नका. त्यांना वाटायचं, कपाटं आपोआप उघडतात.

शहाऐंशी साली चेअरमन आण्णासाहेब पुण्याला जाऊन आले आणि कारखान्यात संगणक आला. एका थंड खोलीत मोठं यंत्र, आणि शेतकी, टाईम ऑफिस, वजनकाटा नि हेड ऑफिस अशा चार ठिकाणी चार पडदे. ते बसवायला उमरग्याकडचा शांतलिंग नावाचा तरुण प्रोग्रामर आला होता. पोरगा सालस. पहिल्याच दिवशी तो रेकॉर्ड रूममध्ये आला, खण उघडून चिठ्ठ्या बघत बसला आणि म्हणाला, "बनसोडेसाहेब, तुम्ही हे कुठं शिकलात?"

आजवर त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. "खडीवर," मच्छिंद्र म्हणाला.

"आमचं यंत्र हेच करतं," शांतलिंग सांगू लागला. "वजनकाट्यावरचा प्रोग्राम असो की टाईम ऑफिसचा, त्याला माहिती कुठं ठेवलीय हे ठाऊक नसतं. तो फक्त नाव घेऊन विचारतो. मध्ये एक यादी असते, नाव आणि त्याची जागा जोडलेली. ती यादी जागा सांगते, मग प्रोग्राम तिथून माहिती उचलतो. उद्या माहिती दुसरीकडं हलवली तर यादीत तेवढं बदलायचं. प्रोग्रामला हात लावायचा नाही."

"आन् यादीत नाव नसलं तर?"

"तर म्हणते, नोंद नाही."

"कुनाला इचारायचं ते सांगत न्हाय?"

"आपण सांगून ठेवलं असेल तर सांगते. दुसऱ्या नावाकडं, दुसऱ्या यादीकडं पाठवता येतं की. पण ते आधी आपणच लिहून ठेवायचं. यंत्र मनानं काही जोडत नाही."

त्यानं तक्ते दिले. प्रत्येक सभासदाला एक ओळ. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात नाव, चौथ्यात फाईलची जागा. आणि पाचवा रकाना त्यानं मच्छिंद्रच्या चिठ्ठ्या बघून मुद्दाम वाढवला होता: उर्फ.

तीन महिने मच्छिंद्र ते तक्ते भरत होता. एवढा आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पाटलांचे तात्या, बापू, दाजी, लिंगायतांच्या घरातल्या नीलम्माचं माहेरचं नाव, कुणाचं लाडाचं, कुणाचं दत्तक गेल्यावरचं. सगळी उर्फं त्यानं मोत्यासारख्या अक्षरात भरली. मग त्याच्या हातात आपल्या माणसांच्या चिठ्ठ्या आल्या. दोनशे बारा. खरी नावं गायकवाड, कांबळे, बनसोडे, ओव्हाळ. आणि उर्फच्या चिठ्ठ्यांवर, एकूण एक, तो शब्द.

त्या चिठ्ठ्या करताना पंच्याहत्तर साली तो शब्द त्यानं लिहिला नव्हता. जुन्या कागदांवरून शिपायानं उतरवून दिला होता आणि त्यानं तो तसाच खणात सरकवला होता. आता तो त्याच्याच हातानं तक्त्यावर जायचा होता आणि तिथून यंत्रात, चार पडद्यांवर. वजनकाट्यावरचा कोणी टिकोजी बटण दाबणार आणि तीस वर्षांपूर्वी टाकून दिलेला तो शब्द उजेडात येणार, तोही शाळेतल्यासारखा खणखणीत. त्याला बाप, त्याचा आबा, आठवला.

त्यानं दोनशे बारा ओळींचा पाचवा रकाना कोरा ठेवला. चुकून नव्हे, विसरून नव्हे. ताठ मानेनं. जुन्या चिठ्ठ्या बॉयलरात टाकायचा हुकूम आला तेव्हा बाकीचे खण शिपायांनी नेले. या दोनशे बारा मच्छिंद्र स्वतः घेऊन गेला आणि भुशाबरोबर आत सारल्या. त्या दिवशी घरी त्यानं गोड करायला सांगितलं. बायकोनं कारण विचारलं तर म्हणाला, "आबाचं एक काम व्हतं, झालं."

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्याची गाळपक्षमता वाढली आणि जमीन देणाऱ्यांचा करार कपाटातून बाहेर निघाला. एकतीस घरं, एकतीस नोकऱ्या. तो निघाला तो काही कुणाच्या सदिच्छेनं नव्हे. संचालकांपैकी चौघांची घरं त्या एकतिसांत होती. आण्णासाहेबांचा हुकूम सुटला, करारातलं एकेक नाव संगणकाला विचारा, तो आजचा सभासद दाखवील, वारस दाखवील, त्याला पत्र टाका.

टाईम ऑफिसच्या कारकुनानं नावं टाकली. तीस नावं लागली. तात्या लागले, बापू लागले, दत्तक गेलेलासुद्धा लागला. मच्छिंद्रच्या पाचव्या रकान्याची कमाल. एकतिसावं नाव 'म्हादू रामा महार'. पडद्यावर उत्तर आलं, नोंद नाही. कारकुनानं यादीत रेघ मारली आणि चहा मागवला.

त्या वेळी त्याला चहाचं पाणी भरून देणारी बाई होती कमलबाई. दगडाबाईची मुलगी, मॅट्रिक पास, नवऱ्यानं टाकलेली, चार हंगाम त्याच ऑफिसात रोजंदारीवर पाणी भरत होती. दगडाबाईच्या चुलीचा धूर कारखान्याच्या गेटवरून दिसायचा. कारकुनानं दाराशी येऊन नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. पण यंत्रानं नाही म्हटल्यावर दारापर्यंत जातो कोण!

नोटीस बोर्डावर यादी लागली आणि दगडाबाई करारपत्राचा पिवळा पडलेला कागद पदरात धरून रेकॉर्ड रूममध्ये आली. आता तिची पाठ वाकली होती, आवाज मात्र तोच.

"मच्छिंद्रा, आमचं नाव न्हाय म्हनत्यात रं. तुज्याकडं तर समद्यांची नावं हायत. तूच काड बगू."

त्यानं कागद हातात घेतला. तिसरा शब्द वाचला आणि त्याला कळलं.

"ऱ्हाऊन गेलं असंल काकू," तो म्हणाला. "तुमी बसा. म्या बगतो."

तो तसाच उठून आण्णासाहेबांकडं गेला. सांगितलं, म्हादू म्हणजेच महादेव गायकवाड, मी ओळखतो, आख्खी वाडी ओळखते. आण्णासाहेब भला माणूस, निदान बोलण्यात. त्यांनी तक्ता मागवला, गायकवाडांची ओळ काढली आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बनसोडे, तक्ता तुमचा, खाली सही तुमची. हे दोघं एकच, असं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं बॉयलरात गेलं होतं. मच्छिंद्र म्हणाला, "माझ्याकडनं राहिलं, साहेब." कारण सांगायची त्याची छाती झाली नाही.

"मग तोंडी मी तरी कसं धरू? बाईचं ॲफिडेव्हिट आणा, यंत्रात नोंद होऊ द्या, मग बघू."

तहसील कचेरीबाहेर झाडाखाली स्टॅम्प पेपर मांडीवर घेऊन मच्छिंद्र बसला. समोर दगडाबाई, तिच्या शेजारी कमल. अर्जनवीस त्या दिवशी आला नव्हता. लिहिणारा तोच.

पेन बराच वेळ कागदाला लागेना. "लिव की," दगडाबाई म्हणाली. "न्हायतर कचेरी बंद व्हईल."

त्यानं लिहिलं. 'मी दगडाबाई, मयत म्हादू रामा महार उर्फ महादेव रामचंद्र गायकवाड याची विधवा पत्नी...' बापाला दिलेला शब्द बत्तीस वर्षांनी मोडला. आतल्या कारकुनानं तो कागद भर कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवला आणि मच्छिंद्रनं मान खाली घातली. कमलनं आईचा अंगठा शाईत बुडवला.

शांतलिंग दर सोमवारी यायचा. सोमवारी त्यानं पाचव्या रकान्यात नाव घातलं आणि लगेच विचारून दाखवलं. म्हादू रामा महार. पडद्यावर झटकन ओळ आली: गायकवाड महादेव रामचंद्र, वारस दगडाबाई, कमल. मच्छिंद्र तो कागद घेऊन जवळजवळ पळतच आण्णासाहेबांच्या खोलीत गेला.

आण्णासाहेबांनी चष्मा काढला. "अहो, शनिवारीच मीटिंग झाली. यादी मंजूर झाली. एक जागा रिकामी होती, ती संचालक मंडळानं एकमतानं भरली."

एका संचालकाच्या मेव्हण्याला. त्याचं नाव शोधायला कुणी यंत्राला विचारलं नव्हतं.

मच्छिंद्रनं त्यानंतर अर्ज केले, दोनदा उपोषणाची धमकीही दिली. काही झालं नाही. होणारही नव्हतं, आण्णासाहेबांना आधी नाव सापडलं असतं तर त्यांनी दुसरी सबब शोधली असती, असं मित्र त्याला समजावायचे. खरंही असेल. पण त्यांना सबब शोधावी लागली नाही. ती त्यानं आपल्या हातानं, सहीनिशी, आयती नेऊन दिली होती, आणि हे त्याला रात्रंदिवस खात होतं.

एका सोमवारी तो शांतलिंगला म्हणाला, "ते उर्फ काडून टाका. नोकरी गेली ती गेली. शबुद तरी कशाला ठेवायचा?"

शांतलिंग म्हणाला, "काढतो, साहेब. एका बटणाचं काम आहे. पण पुन्हा जुन्या नावानं कुणी काही विचारलं, तर पुन्हा नोंद नाही म्हणेल."

मच्छिंद्रनं हातानंच 'राहू द्या' अशी खूण केली. शब्द राहिला. नऊ हजार ओळींत त्या एकाच ओळीत, आणि तोही त्याच्याच अक्षरावरून घातलेला.

शेवटी तो वाडीवर गेला. दगडाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. रकाना कसा कोरा ठेवला, चिठ्ठ्या कशा जाळल्या, राहून गेलं म्हणालो ते खोटं. आत कमलबाई कारखान्यावर जायला निघाली होती. ती दारात थांबली, ऐकलं आणि दोघांच्या मधून निघून गेली. तिला पाणी भरायचं होतं.

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं.

"त्यो शबुद जाळलास, ब्येस केलंस," ती म्हणाली. "म्या बी जाळला असता. पर बाबा, त्याच्या म्होरं माज्या मालकाचं नाव व्हतं. जाळायच्या आदी मला एकदा इचारायचं व्हतंस. तुला नाव घ्यायला म्याच शिकवलं व्हतं की रं."